नाही म्हणणाऱ्यांचा बाक

चिठ्ठीत माझं नाव निघाल्याचा फोन आला तेव्हा मी पाण्याच्या टाकीवर होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी नगरपालिकेचा नवा व्हॉल्व्हमन अडला की मलाच बोलावतो. गडहिंग्लजला एकतीस वर्षं मी पाणी सोडायचं काम केलं. माझं नाव गुरुसिद्ध कोरी, पण गावाला ते फारसं माहीत नाही. गाव मला "कोरीमामा, पाणी किती वाजता?" एवढ्यावरच ओळखतं.

फोनवर केंद्रप्रमुख भांदिगरे बाई होत्या. म्हणाल्या, "प्रस्ताव सातच्या बाकासाठी तुम्ही निवडले गेलात. विरोधाच्या. फॉर्ममध्ये तुम्ही 'नाही' लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"कारण?"

"धर्म."

सव्वा वर्ष मी सगळ्यांना हेच सांगत होतो.

प्रस्ताव सात असा होता. एखाद्या माणसाचा मेंदू मेला आहे, पण यंत्रावर श्वास चालू आहे. अशा माणसाने जिवंतपणी लेखी नकार दिलेला नसेल, तर त्याची संमती आहे असं धरून त्याचे अवयव गरजू रुग्णांना देता येतील. घरच्यांना विचारायचं नाही, त्यांची सही घ्यायची नाही. थेट मतदानाचा कायदा झाल्यापासून सहा प्रस्ताव राज्यातल्या लोकांनी स्वतः बटण दाबून मंजूर किंवा नामंजूर केले होते. हा सातवा.

माझी एकुलती एक मुलगी नीलांबिका या प्रस्तावाच्या बाजूने गावोगाव सभा घेत होती. गडहिंग्लज सोडून सगळीकडे.

हे असं का, ते आधी सांगतो. नीला कोल्हापूरला एका मोठ्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन चालवते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी बायको महानंदा भाकरी थापता थापता एका कुशीवर कलंडली. डोक्यात रक्तस्राव. नीलाच्याच दवाखान्यात नेली. बुधवारी दुपारी डॉक्टर म्हणाले, मेंदू गेला, आता काही होणार नाही. मी आत गेलो. महानंदाची छाती वरखाली होत होती. मी हात धरला, हात गरम होता. तेवढ्यात नीला आली. निळा युनिफॉर्म, हातात फॉर्म. म्हणाली, "आप्पा, आईचे अवयव द्यायचे का? सही लागेल. वेळ कमी आहे."

मी नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो, जोरात. बाहेरच्या बाकड्यावर आमच्या समाजाचे बसवंताप्पा शेटे बसले होते. आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नाही. माणसाला बसवून पुरतात, हातात लिंग देऊन, देह जसाच्या तसा. शेटेआप्पांनी माझा आवाज ऐकला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस गुरुसिद्ध. समाजाचं राखलंस."

मी मान हलवली. तेव्हापासून माझं कारण ते झालं.

महानंदाचं हृदय दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी थांबलं. नीला तिसऱ्या दिवसापर्यंत राहिली आणि गेली. त्यानंतर घरी आली नाही. रविवारी फोन करायची. "जेवलात?" "जेवलो." "ठेवते." वर्षाचा दिवस केला, सव्वाशे लोक जेवून गेले, तेव्हाही आली नाही. मला दुसरं काही नको होतं. पोरगी एकदा उंबरा ओलांडून आत यावी, एवढंच. त्यासाठी काय करायचं ते मला कळत नव्हतं.

केंद्र शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होतं. टेबलावर ताटाएवढा काळा स्पीकर आणि एक पडदा. सरकारी नाव उभयपक्ष. गावात त्याला दुतोंड्या म्हणत.

दुतोंड्याला माणसांचे बाक का लागतात, ते भांदिगरे बाईंनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. पहिल्या प्रस्तावाच्या वेळी सरकारने यंत्राकडूनच दोन्ही बाजू लिहून घेतल्या आणि मतदारांना पाठवल्या. दोन्हीकडचे लोक चिडले. कारण असं की, यंत्राने जे लाखो लेख आणि भाषणं वाचलेली असतात, त्यात एका बाजूचं म्हणणं पुष्कळदा दुसऱ्याच बाजूच्या तोंडून आलेलं असतं. सासूची बाजू सुनेकडून ऐकल्यासारखं. ऐकायला नीटनेटकं असतं, पण सासू म्हणते, मी असं कधी म्हणाले? म्हणून नियम झाला. यंत्राने मसुदा करायचा. त्या बाजूच्या बारा सामान्य माणसांनी तो ऐकायचा. प्रत्येकाने "हेच माझं म्हणणं" असं म्हटल्याशिवाय त्यातलं एक वाक्यही मतदारापर्यंत जायचं नाही. राज्यात असे बहात्तर बाक होते. आमच्या शेजारच्या खोलीत, सातवी ब मध्ये, बाजूने असलेल्यांचा बाक बसला होता. मधल्या सुट्टीत चहाला दोन्ही बाक एकाच किटलीवर.

शेटेआप्पांचंही नाव चिठ्ठीत निघालं होतं. ते माझ्या शेजारीच बसले. अठ्ठ्याहत्तर वय, गुळाचे व्यापारी, पांढरी टोपी. दुतोंड्याने पहिला मसुदा वाचला. आवाज ना बाईचा ना पुरुषाचा, बँकेत टोकन पुकारतात तसा. "देह अखंड राहावा अशी आमची श्रद्धा आहे. त्यात शासनाने हात घालू नये."

"हेच माझं म्हणणं!" शेटेआप्पा टेबलावर हात मारून म्हणाले. "हुशार आहे की रे हे."

"माझं नाही," पलीकडून आवाज आला. सुलताना मुल्लाणी. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. "माझं त्यात काहीच नाही."

"तुमचं कारण सांगाल का?" दुतोंड्याने विचारलं.

"माझा भाऊ हमाल होता. रस्त्यात पडला, कुणीतरी दवाखान्यात टाकला. खिशात ओळखपत्र होतं, माझा नंबर होता. दोन दिवस मला कुणी कळवलं नाही. बेवारस म्हणून ठेवला होता. विचारायचा नियम असताना हे. उद्या विचारायचंच नाही असा कायदा केलात, तर मग काय बघायलाच नको."

"तुमचं म्हणणं असं आहे का, की काही रुग्णालयांमध्ये संमतीच्या प्रक्रियेत त्रुटी असू शकतात?"

"त्रुटी कसली? सरळ बोल की. गरिबाला न विचारायची सवय आधीच आहे. ती कायदेशीर करू नका."

दुतोंड्याने ते तसंच्या तसं परत म्हटलं. सुलतानाबाईंनी पदर सारखा केला. "हां. हेच माझं म्हणणं. पोरांना शिकवायला वेळ लागतो, तुला लवकर आलं."

माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली. दुतोंड्याने श्रद्धेचं वाक्य म्हटलं आणि मी लगेच म्हणालो, "हेच माझं म्हणणं."

"धन्यवाद. तुमचा होकार मी अजून लिहून घेतलेला नाही. काही प्रश्न विचारू का?"

"अरे, हो म्हणाला ना तो!" शेटेआप्पा चिडले. "कान नाहीत काय याला?"

"सगळ्यांनाच विचारतं ते," भांदिगरे बाई म्हणाल्या. "तुम्हालाही विचारले होते, आप्पा. तुम्ही पटापट उत्तरं दिलीत, एवढंच."

"मठाच्या स्वामींनी परवानगी दिली," दुतोंड्या म्हणाला, "तर तुमचं उत्तर बदलेल का?"

"नाही."

"फक्त डोळे द्यायचे असले तर?"

"नाही."

"देहावर एकही खूण राहणार नाही, असं तंत्र निघालं तर?"

"तरी नाही."

शेटेआप्पा खूश होऊन माझ्याकडे बघत होते. पण मला घाम फुटायला लागला होता, कारण ते काय करतंय हे माझ्या लक्षात आलं. जमिनीखाली गळती असली की सगळा रस्ता खोदत बसायचं नसतं. एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचा आणि गळणं थांबतं का बघायचं. ज्या व्हॉल्व्हने थांबेल, त्या तुकड्यात गळती. मी आयुष्यभर हेच केलं होतं. दुतोंड्या माझ्याबाबतीत तेच करत होता. एकेक कारण काढून घेत होता आणि बघत होता की माझं 'नाही' थांबतं का. थांबत नव्हतं. म्हणजे माझं 'नाही' तिथून येतच नव्हतं.

"विचार करायला एक दिवस दिला असता तर?"

"माहीत नाही."

"तुमच्याऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणी सही केली असती तर?"

मी खिशातला रुमाल काढून घाम पुसला.

"आणि कुणाचीच सही लागली नसती तर?"

मी उठलो आणि बाहेर व्हरांड्यातल्या नळावर गेलो. पाणी प्यायलो. वर्गातून कुणी हाक मारली नाही. मी परत आत आलो, पण बाकावर बसलो नाही.

"कुणाचीच सही लागली नसती," मी म्हणालो, "तर मी काही बोललो नसतो. तिच्याजवळ बसून राहिलो असतो."

"सही केली असती तर काय झालं असतं?"

"तर मी मारली असती तिला."

ते माझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. सांगायला लागल्यावर थांबता आलं नाही. "तिची छाती हलत होती. हात गरम होता. हातात पेन आणि ती अशी समोर. सही केली की लोक येणार आणि तिला नेणार, आणि मग ती खरी मरणार. म्हणजे कुणी मारली? ज्याने सही केली त्याने. धर्मबिर्म काही माझ्या डोक्यात नव्हतं. शेटेआप्पांनी बाहेर तसं म्हटलं, आणि मला ते बरं वाटलं. मी ते पांघरून घेतलं."

वर्गात सगळे खाली बघत होते. मी शेटेआप्पांकडे बघायचं टाळत होतो. भर दवाखान्यात ज्याची पाठ थोपटली त्या माणसाने असं सांगावं, म्हणजे त्यांचीही शोभाच. थोड्या वेळाने ते बाकावर सरकले. जागा झाली.

"बस," ते म्हणाले. "उभा का राहिलास?"

मी बसलो.

"तुमचं म्हणणं मला असं समजलं," दुतोंड्या म्हणाला. "यंत्रावर असलेल्या माणसाचा हात गरम असतो. अशा वेळी सही मागितली, तर सही करणाऱ्याला वाटतं की आपणच मारलं. ते ओझं घरच्या माणसावर टाकू नये."

"हेच माझं म्हणणं," मी म्हणालो.

"मग एक अडचण आहे. हे म्हणणं प्रस्तावाच्या विरोधातलं नाही. प्रस्ताव सहीच काढून टाकतो. हे बाजूचं कारण आहे, आणि बाजूच्या मसुद्यात अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमचं नाव न सांगता मी ते शेजारच्या बाकाकडे पाठवू का?"

सगळ्यात आधी सुलतानाबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, पण मोठ्याने. "या अल्ला! म्हणजे मामा, तुम्ही सव्वा वर्ष चुकीच्या गल्लीला पाणी सोडत होता!"

मग मीही हसलो. महानंदा गेल्यापासून मी कधी हसलो होतो का, ते आठवत नाही. "पाठव," मी म्हणालो.

सातवी ब मध्ये ते वाक्य पहिल्याच फेरीत मान्य झालं. चहाच्या वेळी कळलं की तिथल्या बारापैकी तिघांनी कधी ना कधी अशी सही केली होती आणि कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मी कुठल्या बाकाचा, असा प्रश्न निघाला. भांदिगरे बाई म्हणाल्या, नियमाप्रमाणे मत बदललं तरी बाक बदलत नाही. आणि माझं मत काय आहे हे तर मलाच माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी दोन्ही बाजू सगळ्या राज्यातल्या मतदारांच्या फोनवर गेल्या. प्रत्येक मुद्द्याखाली तो कुठल्या केंद्रावर आला ते लिहिलेलं असतं, माणसाचं नाव नसतं.

सहाव्या दिवशी मी सोप्यात, दारासमोरच, मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. वर्षाची चटणी घालायची होती. महानंदा पाच किलोची घालायची, मी दोन किलो आणल्या होत्या. बाहेर गाडी थांबली. नीला. गाडीला पुढून मागून प्रस्ताव सातची स्टिकरं. ती पायरीवर उभी राहिली, चप्पल न काढता, आणि फोन पुढे करून वाचायला लागली.

"'यंत्रावर असलेल्या माणसाचा हात गरम असतो. अशा वेळी सही मागितली, तर सही करणाऱ्याला वाटतं की आपणच मारलं.' खाली गडहिंग्लज केंद्र. आप्पा, हे कुणी सांगितलं?"

"आत तर ये."

"आधी सांगा."

"मी."

ती मग पायरीवरच बसली. पाठ माझ्याकडे, तोंड रस्त्याकडे.

"तुम्ही तर धर्म म्हणाला होता."

"आधी मी कुठे म्हणालो? शेटेआप्पा म्हणाले. मी तेच धरून बसलो."

"सव्वा वर्ष?"

"सव्वा वर्ष."

ती वळली. रडेल असं वाटलं होतं, पण ती कामावर असल्यासारखी बोलायला लागली. "आप्पा, आईच्या दोन तपासण्या झाल्या होत्या. पहिली बुधवारी सकाळी पावणेसातला, दुसरी सहा तासांनी, पाऊण वाजता. चार डॉक्टर असतात. डोळ्यांत उजेड टाकतात, घशात नळी हलवून बघतात. शेवटी श्वासाचं यंत्र काढतात आणि थांबतात, माणूस स्वतःहून श्वास घेतोय का बघायला. आठ मिनिटं थांबले. आईने घेतला नाही. दोन्ही वेळा नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"नाही."

"दुसऱ्या तपासणीची वेळ म्हणजे जाण्याची वेळ. कायद्याने. दाखल्यावर तीच लिहिली आहे. बुधवार, अकरा तारीख, बारा पंचेचाळीस. तुम्ही दाखला वाचला नाही?"

"क्लार्कने दिला तसा पिशवीत घातला."

"मी फॉर्म घेऊन आले तेव्हा दोन वाजले होते. आई जाऊन सव्वा तास झाला होता, आप्पा. तुम्ही सही केली असती तरी ती गेलेलीच होती. नाही केलीत तरीही."

"छाती हलत होती की."

"मशीन हवा भरत होतं."

"आणि हात?"

"हृदयाला मेंदूचा हुकूम लागत नाही. त्याची वीज त्याच्यातच असते. हवा मिळाली की ते चालतं थोडा वेळ. दिवसभर, कधी दोन दिवस. रक्त फिरतंय म्हणून हात गरम."

"टाकी आटल्यावरही पाइपातलं पाणी नळाला येत राहतं, तसं."

"तसंच."

मी हातातली मिरची खाली ठेवली. काय झालं ते नीट सांगता येत नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी हात वर नेला.

"आप्पा! हात लावू नका डोळ्यांना!" नीला ओरडत आत आली. चपलेसकट. "मिरचीचे हात आहेत!"

तिने ओढणीने माझं तोंड पुसलं, आधी हळू, मग लहान पोराचं पुसतात तसं खसाखसा. मग तिथेच मिरच्यांसमोर खाली बसली आणि तीही रडली.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना वाटलं मी सांगेन. मी त्यांच्यातलीच ना. बाहेरच्या पेशंटच्या नातेवाइकांना खुर्चीवर बसवून अर्धा तास समजावतात. तुम्ही स्टाफचे वडील, म्हणून तुम्हाला कुणी बसवलंच नाही." तिने नाक ओढलं. "आणि मी युनिफॉर्ममध्ये आले. त्या आठवड्यात माझ्या वॉर्डात दोघंजण वाट बघत बघत गेले होते. एक तर माझ्यापेक्षा लहान. मला आई दिसत होती आणि ती यादीही दिसत होती. आधी तुमच्याजवळ बसायला हवं होतं."

"हवं होतं."

"सांगा की, नाही नाही, तसं काही नाही म्हणून."

"खोटं कशाला सांगू?"

ती रडता रडता हसली.

मग मी माझा प्रश्न विचारला. "वर्षाच्या दिवशी का आली नाहीस?"

"आले होते. अकरा तारखेला. रुद्रभूमीत जाऊन आईपाशी तासभर बसले. मला वाटलं, तुम्ही येणारच. तुम्ही आला नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी फोटो पाठवले, पंगतीचे. मला वाटलं, आप्पा मुद्दाम बारा तारीख धरतात. म्हणजे मी विचारलं तेव्हा आई जिवंत होती, असं गावाला दाखवायला."

"मला बारा तारीखच माहीत होती."

"हो. आता कळलं."

आम्ही दोघं बसून देठं काढत राहिलो. दीड किलो झाल्यावर ती म्हणाली, "एवढ्याशा मिरच्या? वर्ष कसं जाणार?" आणि उठून आत पाणी प्यायला गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पायात चपला आहेत. ती परत दारापर्यंत गेली, चपला काढल्या आणि पुन्हा आत आली.

मतदान दोन आठवड्यांनी, रविवारी होतं. नीला सकाळी कोल्हापूरला मत देऊन बोटाची शाई वाळायच्या आत गडहिंग्लजला आली. मला केंद्रावर सोडायला. आवाराबाहेरच तिने ओढणी टाकून गाडीवरची स्टिकरं झाकली, आणि लांब वडाखाली थांबली.

आत एक लहान खोली, एक पडदा, दोन बटणं. बटणांच्या आधी दोन्ही बाजू पुन्हा वाचता येतात. मी दोन्ही वाचल्या. बाजूची वाचताना माझं वाक्य आलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. ते आता कुणाचंही वाक्य होतं. विरोधाची वाचली. शेटेआप्पा, सुलतानाबाई, नांदेडचं कुणीतरी, पालघरचं कुणीतरी. मग मी विचार केला. किती वेळ केला माहीत नाही, बाहेर रांगेतल्या लोकांनी कुरकुर केली म्हणतात. त्या खोलीत महानंदा नव्हती. दवाखाना नव्हता, पेन नव्हतं. फक्त एक कायदा होता, आणि तो बरा की वाईट, एवढंच मला ठरवायचं होतं. ज्या कोणी हे बाकाचं काम काढलं, त्याने बहुतेक याचसाठी काढलं असेल.

मी बटण दाबलं आणि बाहेर आलो.

"झालं?" नीलाने विचारलं.

"झालं."

"सांगायचं नसलं तर नका सांगू."

"नाही दिलं."

"नाही सांगत, की नाहीला दिलं?"

"नाहीला दिलं."

"आप्पा!" वडावरची पाखरं उडाली. "तुमचंच कारण आमच्या मसुद्यात पहिल्या पानावर आहे! मी सतरा सभांत वाचून दाखवलं ते!"

"चांगलं कारण आहे. पण सुलतानाबाईंचं मला जास्त पटलं. तू मला विचारलंस, ते चुकीचं विचारलंस. युनिफॉर्ममध्ये, घाईत, न समजावता. म्हणून विचारणंच बंद करायचं? नीट विचारायला शिका की."

"आणि तोवर यादीतले चव्वेचाळीस जण? फक्त माझ्या वॉर्डातले सांगतेय. त्यांनी काय करायचं, तुमच्या डॉक्टरांची शिकवणी पूर्ण होईपर्यंत?"

"ते कठीणच आहे."

"कठीणच आहे म्हणे! मत देऊन आले वर!"

ती खूप चिडली होती. नाकाचा शेंडा लाल, अगदी महानंदासारखा. पण मला भीती वाटली नाही. ती गाडीला किक मारून निघून जाईल असं एकदाही मनात आलं नाही, आणि आजकालच्या गाड्यांना किक नसतेही. ती हेल्मेट हातात घेऊन पुढे दहा मिनिटं माझ्याशी भांडली. मी उत्तरं देत होतो. मतदान केंद्रापासून शंभर मीटर लांब होतो, म्हणून पोलिसाने काही म्हटलं नाही. त्याने उलट खुर्ची जवळ ओढली.

शेवटी ती दमली. "जेवायला काय केलंय?"

"वांगी. आणि नवी चटणी."

"येते. पण घरी गेल्यावर पुन्हा भांडणार."

"भांड."

तिने हेल्मेट घालायला घेतलं, आणि मधेच थांबून ते सीटवर ठेवलं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घरचा साधा ड्रेस, हात रिकामे.

"आप्पा, एक विचारू? घाई नाही. आज सांगा, उद्या सांगा, नाही म्हणालात तरी चालेल."

"विचार."

"तुम्ही गेल्यावर तुमचं जे काही उपयोगी असेल, ते देऊ का?"

मी विचार केला. खरंच केला. पलीकडे लोक मत देऊन घरी निघाले होते, कुणीतरी लांबून हात करून पाण्याची वेळ विचारत होतं.

"दे," मी म्हणालो. "पण बासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचं कोण घेणार?"

नीलाने हेल्मेट घालून पट्टा आवळला आणि गाडीवर बसली. "घेतील. तोवर जपून वापरा."